आजार उतरला म्हणून हक्क उतरतो का?
(सिकलसेलग्रस्त मुले, दिव्यांगत्व प्रमाणपत्राचा नकार आणि अपिलाचा मार्ग)

प्रास्ताविक

गोडादरा, डिंडोली, लिंबायत, परवत पाटिया या सुरतच्या पूर्वेकडील वस्त्यांत मराठी माणूस आता पाहुणा राहिलेला नाही. ताप्ती लाईनच्या गाडीने नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेली कुटुंबे येथे लूमवर, मार्केटमध्ये आणि स्वतःच्या छोट्या धंद्यांत स्थिरावली. त्यांच्यासोबत त्यांचे सण आले, भाषा आली आणि रक्तातून आलेले काही आजारही आले. सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिण गुजरातच्या डांग-तापी पट्ट्यापर्यंत सिकलसेलचे जनुक पिढ्यान्पिढ्या वावरत आहे. राज्यांची सीमा त्याला ठाऊक नाही. त्यामुळे आपल्या भागात मुलांचा दवाखाना चालविणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हा आजार कधी ना कधी भेटतोच.

या आजाराच्या उपचारांवर आपल्या व्यासपीठावर चर्चा होत असते. आज मला त्याच्या एका वेगळ्या अंगाविषयी लिहावयाचे आहे. सिकलसेल हा चढउताराचा आजार आहे. मूल चार महिने हसतेखेळते असते आणि एका रात्रीत वेदनेने तळमळू लागते. अशा मुलाला मिळालेल्या दिव्यांगत्व प्रमाणपत्राची मुदत संपते, फेरतपासणीच्या दिवशी मूल नेमके बरे दिसते, आणि ‘सुधारणा आहे’ या शेऱ्यासह प्रमाणपत्र नाकारले जाते किंवा टक्केवारी खाली येते. पालक गोंधळतात. ‘मूल बरे आहे याचा आनंद मानायचा की सवलत गेली याचे दुःख करायचे?’ असा त्यांचा प्रश्न असतो. या प्रश्नाला वैद्यकीय उत्तर आहे, कायदेशीर उत्तर आहे आणि दोन्ही आपण डॉक्टरांनी जाणून घेतली पाहिजेत.

कायदा काय सांगतो?

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता. रक्ताच्या आजारांना त्यात स्थान नव्हते. ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि यादी एकवीसवर गेली. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आजार हे तिन्ही रक्तविकार प्रथमच त्यात आले. सिकलसेलग्रस्तांच्या प्रश्नासाठी नागपूरचे कै. संपत रामटेके यांनी आयुष्य वेचले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. आपल्या शेजारी वलसाडला डॉ. यझदी इटालिया यांनी आदिवासी भागात सिकलसेल तपासणीचे काम उभे केले. त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या मंडळींच्या श्रमांमुळे हा आजार सरकारी कागदावर दिसू लागला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सतरा राज्यांतील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत.

कायद्यातील काही बाबी नेमकेपणाने लक्षात ठेवाव्यात.

पहिली बाब अशी की, कायद्यात ‘दिव्यांग व्यक्ती’ आणि ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’ असे दोन स्तर आहेत. दुसऱ्या स्तरासाठी ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व लागते. सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क (कलम ३१) आणि उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा (कलम ३२) या स्तरासाठी आहेत. मात्र सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षणाच्या कलम ३४ मध्ये रक्तविकारांचा उल्लेख नाही, हे पालकांना आधीच सांगितलेले बरे. खोट्या आशेवर वर्षे घालवू नयेत.

दुसरी बाब म्हणजे मुदत. २०१७ च्या नियमांतील नियम १८ नुसार दिव्यांगत्वात कालांतराने बदल संभवत नसेल तर कायम प्रमाणपत्र, आणि बदल संभवत असेल तर मुदतीचे प्रमाणपत्र दिले जाते. सिकलसेलमध्ये बहुधा दुसरा प्रकार लागू होतो. पाच वर्षांवरील रुग्णांच्या तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत २०२३ मध्ये एक वर्षावरून तीन वर्षे करण्यात आली आणि किमान टक्केवारी २५ ठेवण्यात आली. मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचना मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुधारल्या गेल्या. म्हणून तपासणीला जाण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेली सूचना वाचून जावे.

तिसरी बाब आपल्यासारख्या स्थलांतरितांसाठी फार महत्त्वाची आहे. ‘रेशनकार्ड नंदुरबारचे, मूल सुरतला, अर्ज कोठे करायचा?’ हा नेहमीचा प्रश्न. नियमांनुसार राहत्या जिल्ह्यातील प्राधिकरणाकडे किंवा जेथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयाकडे अर्ज करता येतो. आणि कलम ५८ नुसार दिलेले प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. गाव बदलल्याने आजार बदलत नाही. प्रमाणपत्रही बदलावे लागत नाही.

हेही स्पष्ट असावे की सिकलसेलचा केवळ वाहक असणे म्हणजे दिव्यांगत्व नव्हे. वाहकाला समुपदेशन हवे, प्रमाणपत्र नको.

‘बरे दिसणे’ म्हणजे काय?

तपासणीच्या दिवशी मंडळासमोर बसलेले मूल हसत असते. हिमोग्लोबिन आठ-नऊच्या घरात, ताप नाही, वेदना नाही. मंडळातील डॉक्टरांना दिसते ते खरेच असते. परंतु त्या वीस मिनिटांत वर्ष दिसत नाही.

वेदनेचा प्रसंग संपला की शरीरावर त्याची खूण बहुधा राहत नाही. काही खुणा मात्र राहतात आणि त्या वरून दिसत नाहीत. प्लीहा हळूहळू निकामी होते आणि साधा वाटणारा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा झिजू लागतो. मेंदूत लहान लहान, लक्षणे न दाखविणारे आघात होतात आणि शाळेतील गुण घसरतात. घरी त्याला आळस म्हणतात. मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही, त्यामुळे मुलाला वारंवार पाणी लागते आणि वारंवार लघवीस जावे लागते. वर्गात त्याची चेष्टा होते. वेदना नसलेल्या दिवशीही हे सर्व चालूच असते.

दुसरे असे की, आज दिसणारी सुधारणा बहुतेक वेळा औषधाची असते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात हायड्रॉक्सियुरियामुळे वेदना-प्रसंगांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्याकडे नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांमध्ये दररोज किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेचा अभ्यास करून तिचा उत्तम उपयोग दाखवून दिला. हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून लाल पेशींना विळ्याचा आकार घेण्यापासून रोखते. जनुकातील दोष मात्र तसाच राहतो. गोळी थांबली की काही आठवड्यांत-महिन्यांत संरक्षण ओसरते. औषधाने ताब्यात राहिलेला आजार आणि गेलेला आजार यांत फरक आहे, आणि मूल्यमापनात तो नोंदला गेला पाहिजे. दम्याच्या मुलाचा पंप आणि मधुमेही मुलाचे इन्सुलिन यांबाबत आपण हा फरक सहज मानतो.

एक धोकादायक विचार

या गुंत्यातून एक गोष्ट घडते, ती उघडपणे सांगणे मला आवश्यक वाटते. लूमवर काम करणारे एक पालक आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते. हायड्रॉक्सियुरिया सुरू झाल्यापासून दीड वर्षात तिला एकदाच दाखल करावे लागले होते. त्यापूर्वीच्या वर्षी पाच वेळा. प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली होती. शेजारच्या कोणाची तरी टक्केवारी कमी झाल्याचे त्यांनी ऐकले होते. सर्व बोलणे झाल्यावर ते हळूच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, बोर्डाच्या तारखेपर्यंत दोन महिने गोळी बंद ठेवली तर चालेल का? पोरगी जास्तच बरी दिसते.”

हा गृहस्थ लबाड नव्हता. मुलीवर त्याचा जीव होता. वर्षातून अनेकदा बुडणारा रोज, रिक्षाचे भाडे, तिची शाळा यांचा हिशेब तो मांडत होता. व्यवस्थेने त्याच्यासमोर असा प्रश्न टाकला होता की मूल बरे ठेवले तर आधार जातो आणि आधार ठेवायचा तर मूल आजारी दिसले पाहिजे. मी त्यांना सांगितले, “भाऊ, त्या दोन महिन्यांत छातीचा क्रायसिस आला किंवा मेंदूवर आघात झाला, तर कोणतेही प्रमाणपत्र ती भरपाई करू शकणार नाही. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. बोर्डाला आपण कागदाने पटवू.”

तपासणीसाठी औषध थांबविणे, पाणी कमी पाजणे, मुलाला ‘दुखतंय म्हण’ असे शिकविणे, हे सर्व मुलाच्या जिवाशी आणि त्याच्या प्रामाणिकपणाशी खेळ आहे. त्याची गरजही नाही, कारण चढउताराचा आजार कागदावर नीट मांडण्याचे मार्ग आहेत.

इतर देशांतील विचार

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा विभागाच्या निकषांत सिकलसेलसाठी एका दिवसाची प्रकृती पाहिली जात नाही. बारा महिन्यांचा काळ पाहिला जातो. त्या काळात इंजेक्शनद्वारे तीव्र वेदनाशामक द्यावे लागलेले किमान सहा प्रसंग, किंवा प्रत्येकी किमान ४८ तासांचे तीन रुग्णालयीन मुक्काम, असे मोजमाप आहे. दोन प्रसंगांत किमान तीस दिवसांचे अंतर हवे. मदत बंद करतानाही तेथील नियम सांगतो की ज्या आजारात तात्पुरता उतार पडतो त्यात पूर्वीचा सर्व इतिहास आणि पुन्हा बिघडण्याची शक्यता विचारात घ्यावी. तात्पुरत्या सुधारणेला खरी सुधारणा मानू नये.

ब्रिटनमध्ये प्रौढांसाठीच्या व्यक्तिगत मदतीच्या योजनेत एखादी अडचण निम्म्याहून अधिक दिवस असते का, असा प्रश्न विचारला जातो आणि तोही वर्षभराच्या काळासंबंधी. ही मोजमापे आपल्याकडे बंधनकारक नाहीत. तथापि त्यांतील तत्त्व आपण उचलावे: चढउताराच्या आजारात एका दिवसाचे चित्र अपुरे असते, वर्षाचा हिशेब मांडावा लागतो.

नकार आल्यावर काय करावे?

१. कारण लेखी घ्यावे. अर्ज नाकारताना प्राधिकरणाने कारणे निर्धारित नमुन्यात लेखी कळवावयाची असतात. यासाठी २०१७ च्या नियमांत एक महिन्याची मुदत होती. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीत निर्णयाची मुदत तीन महिने करण्यात आली. ‘तोंडी सांगितले’ यावर अपील उभे राहत नाही. पत्र घेऊन त्यावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवावी.

२. गुणांकनाची प्रत मागावी. कोणत्या निकषाला किती गुण दिले, हे कळल्याशिवाय चूक दाखविता येत नाही. प्रत न मिळाल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करावा. उत्तराची सर्वसाधारण मुदत तीस दिवसांची आहे. मात्र या उत्तराची वाट पाहत अपिलाची मुदत घालवू नये.

३. प्रथम फेरविचाराचा अर्ज. नकारपत्रात फेरविचारासाठी कोणाकडे दाद मागावी याचा उल्लेख असतो. एखादा अहवाल पाहिलाच गेला नसेल, तर बरेच प्रश्न येथेच सुटतात.

४. त्यानंतर कलम ५९ खाली अपील. प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकरणाच्या निर्णयाने नाराज झालेल्या कोणाही व्यक्तीला राज्य सरकारने नेमलेल्या अपिलीय प्राधिकरणाकडे दाद मागता येते. मुदत व पद्धत राज्याच्या नियमांनी ठरते. ती सिव्हिलमधील दिव्यांग कक्षात किंवा जिल्हा समाजसुरक्षा कार्यालयात लेखी विचारून घ्यावी. पत्र हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत अर्ज पोहोचविण्याची शिस्त ठेवली तर मुदतीचा प्रश्न सहसा येत नाही.

५. पुढील मार्ग. कायद्याने दिलेल्या हक्कांपासून वंचित ठेवले जात असल्यास राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. शेवटचा मार्ग उच्च न्यायालयाचा. वकिलाच्या खर्चाची धास्ती बाळगू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार बालके, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व दिव्यांग व्यक्ती यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते.

अपिलात ‘आम्ही गरीब आहोत, दया करावी’ अशी भाषा अनेकदा असते. तिचा उपयोग होत नाही. अपील करताना तीन गोष्टी सांगाव्यात: निर्णयात कोणती वस्तुस्थिती सुटली, तिचा पुरावा कोणता आणि लागू निकषानुसार त्याचा परिणाम काय. मूल खरोखर सुधारले असेल तर तेही लिहावे. सुधारणा मान्य करून ‘ती औषधावर अवलंबून आहे व एवढे एवढे शिल्लक आहे’ असे सांगणाऱ्या अर्जावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

वर्षाची वही

पालकांना मी एक साधी दोनशे पानी वही ठेवावयास सांगतो. तीत प्रत्येक वेदना-प्रसंगाची तारीख, किती तास वा दिवस, कोठे दुखले, कोणते औषध दिले, शाळा किती दिवस बुडाली, आईवडिलांचा रोज किती दिवस बुडाला, एवढेच लिहायचे. घरीच निभावलेले प्रसंगही लिहायचे, कारण रुग्णालयाच्या कागदांत ते कधीच येत नाहीत आणि आजाराचा मोठा भाग तेथेच असतो. बरे गेलेले महिनेही कोरे न ठेवता ‘त्रास नाही’ असे नोंदवावे. त्यामुळे वहीची विश्वासार्हता वाढते. सोबत डिस्चार्ज कार्डे, रक्त दिल्याच्या नोंदी, एचपीएलसी तपासणीचा मूळ अहवाल आणि शाळेचा हजेरीचा दाखला असावा. गावी गेल्यावर तेथील दवाखान्यात झालेल्या उपचारांचे कागद बहुधा हरवतात; तेही या वहीत चिकटवावेत.

डॉक्टरांचे पत्र

आता डॉक्टर मित्रांशी थोडे. ओपीडीच्या गर्दीत आपण केसपेपरवर ‘प्रकृती स्थिर, औषधे चालू’ एवढेच लिहितो. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर असते. पण हाच कागद मंडळासमोर जातो आणि त्याचा अर्थ ‘त्रास नाही’ असा घेतला जाऊ शकतो. म्हणून वर्षातून एकदा तरी या मुलांसाठी सविस्तर पत्र द्यावे. नमुन्यादाखल मजकूर असा:

‘या मुलीस सिकलसेल आजार असून निदान एचपीएलसी तपासणीने झाले आहे. हायड्रॉक्सियुरिया सुरू होण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत ५ वेळा रुग्णालयात दाखल करावे लागले. गेल्या बारा महिन्यांत १ वेळा. घरी उपचार केलेले वेदना-प्रसंग ७. आजारामुळे शाळेची अनुपस्थिती ३१ दिवस. ही सुधारणा रोजच्या औषधाने असून ते थांबविल्यास आजार पूर्ववत होण्याची शक्यता आहे. उजव्या खुब्याच्या हाडात बदल असून अहवाल सोबत जोडला आहे. दूर चालणे, जिने चढणे, उन्हात वा थंडीत उभे राहणे यांवर मर्यादा आहेत. दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी आवश्यक आहे.’

या पत्रात एकही विशेषण नाही. टक्केवारी किती द्यावी हेही आपण लिहू नये. तो मंडळाचा अधिकार आहे. आपण आकडे, अवयव आणि दैनंदिन मर्यादा लिहाव्यात. आणि नसलेला त्रास कधीही लिहू नये. एका खोट्या पत्रामुळे त्या डॉक्टरच्या पुढील दहा खऱ्या पत्रांचे वजन जाते, आणि त्याची किंमत दुसरीच मुले मोजतात.

टक्के कमी आले तरी

समजा, अपील करूनही ४० टक्के झाले नाहीत आणि २५ टक्क्यांवर प्रमाणपत्र थांबले. तरी सर्व संपत नाही. शाळेने मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्याव्यात, हे कलम १६ सर्व दिव्यांग मुलांसाठी सांगते; तेथे ४० टक्क्यांची अट नाही. बाटली जवळ ठेवण्याची व विनाविलंब लघवीस जाण्याची मुभा, उन्हातील कवायतीतून सूट, बुडालेल्या चाचणीची पुन्हा संधी, या सोयी बिनखर्चाच्या आहेत. ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट घालता येणार नाही.

१५ ऑक्टोबर २०२४ रोजी ओंकार गोंड या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. केवळ टक्क्यांच्या आकड्यावरून उमेदवार अपात्र ठरत नाही. तो अभ्यासक्रम करू शकतो की नाही, हे मंडळाने तपासावे आणि नकार द्यावयाचा तर कारणे नोंदवावीत. प्रकरण वैद्यकीय प्रवेशाचे असले, तरी कारणे देण्याचे तत्त्व कोणत्याही मंडळाला मार्गदर्शक ठरावे.

समारोप

मंडळावर बसणारे डॉक्टर हे आपलेच सहकारी आहेत. एका सकाळी अनेक अर्जदार त्यांच्यासमोर येतात आणि पुढ्यात येईल त्या कागदावरून त्यांना निर्णय करावा लागतो. तो कागद पूर्ण असावा, ही जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टराची आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांनी आपापल्या दवाखान्यातील सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलियाच्या मुलांची यादी करावी, कोणाचे प्रमाणपत्र कधी संपते ते पाहावे, आणि मुदतीपूर्वी तीन महिने पालकांना बोलावून वही, अहवाल व पत्र तयार करून द्यावे. रविवारच्या एका सकाळी दोन डॉक्टर आणि एक वकील बसले, तर गोडादऱ्यातील अनेक कुटुंबांचे काम होईल.

वर उल्लेखिलेली मुलगी औषध नियमित घेत आहे. तिचे प्रमाणपत्र पहिल्या फेरीत नाकारले गेले; फेरविचारात वही आणि खुब्याचा अहवाल पाहून ते तीन वर्षांसाठी मिळाले. टक्केवारी पूर्वीपेक्षा थोडी कमी आली आणि ती रास्तच होती, कारण मुलगी खरोखरच सुधारली आहे. तिच्या वडिलांनी ती कमी टक्केवारी समाधानाने स्वीकारली. मूल बरे होत असल्याची भीती कोणत्याही बापाला वाटू नये, एवढी काळजी आपण सर्वांनी मिळून घ्यावी, ही नम्र विनंती.